पाट म्हणजे काही जमीन नव्हे

पांढुर्णा,
४ सप्टेंबर २०२४

ती. वच्छलाताईस,
सा. न. वि. वि.

यातला ‘सा’ म्हणजे साष्टांग, आणि तो या वेळी फक्त कागदावर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी माझं वाकणंच बंद केलंय. तेव्हा हा नमस्कार उभ्याने, वॉकरला धरून केलेला समज. आशीर्वाद मात्र पूर्ण दे, त्यात काटछाट नको.

खुबा बदलून तीन आठवडे होत आले. टाके निघाले. जखम छान आहे असं डॉक्टर म्हणतात. मी छान नाही. वऱ्हांड्यातून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून वऱ्हांडा, एवढंच माझं जग. तुझी भावजय अमिता शाळेत शिकवायला गेली की मी घड्याळाकडे बघतो, पेपर पुन्हा वाचतो, मग जाहिराती वाचतो. काल तर विहिरीच्या मोटरची जाहिरात इतक्या मन लावून वाचली की आपल्याला विहीर नाही याचं वाईट वाटलं.

काल गोटमार झाली. सकाळपासून माणसं नदीकडे चाललेली. अख्खं गाव हौसेने डोकी फोडून घ्यायला निघालेलं आणि मला अमिता उंबरा ओलांडू देईना. फक्त कोपऱ्यापर्यंत जातो म्हटलं, तर तिने वॉकरच उचलून आत नेऊन ठेवला. संध्याकाळी उत्तमराव आले, माझे बॅडमिंटनचे जोडीदार. ते सावरगावचे. गोटमारीच्या दिवशी आम्ही नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणारे, बाकी वर्षभर जाळीच्या एकाच बाजूला. कपाळाला पट्टी होती. मला म्हणाले, तुमच्याविना डबल्स सुनी पडून राहिली, लवकर उठा.

ताई, मला उठायचंच आहे. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यापासून पहिल्यांदाच कर्मचाऱ्यांची जिल्ह्याची स्पर्धा होणार असं ऑफिसात बोलून राहिले आहेत. यंदा नाही, पुढच्या वर्षी डिसेंबरात. इतकी वर्षं आम्ही छिंदवाड्याच्या नावाचा टी-शर्ट घालून खेळलो. एकदा पाठीवर ‘पांढुर्णा’ लिहून कोर्टावर उतरायचंय. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले सहा महिन्यांनी बघू. उडी मारायची नाही, एकट्याने खेळायचं नाही, पण जोडीने हळूहळू खेळायला हरकत दिसत नाही. तोपर्यंत नियम पाळायचे. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या खुर्चीवरही नाही. खुबा गुडघ्याच्या वरच राहिला पाहिजे. हे सगळं मी पाळून राहिलोय, फक्त जीव लागत नाही.

अमिता विचारते की एवढी लांब पत्रं कशाला, मोबाईलवर लिहून पाठवा. तिला सांगितलं, ताईला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर ती वाचत नाही. शिवाय गुणवंता बस घेऊन रोज सौंसरला जातोच. कंडक्टर असून पत्राचं तिकीट मागत नाही हे त्याचे उपकार.

भाऊजींना नमस्कार, तोही उभ्याचाच. लोभ आहे तेवढा पुरे, काळजी तेवढी कमी करावी ही विनंती.

तुझा,
प्रफुल्ल


बोरगाव,
२० ऑक्टोबर २०२४

चि. प्रफुल्ल यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा उभ्याचा नमस्कार पोचला. आशीर्वाद मी बसून देते आहे, मला कोणी बंदी घातलेली नाही.

पत्राला उशीर झाला. आंब्या बहाराचा संत्रा तोडणीला आला आहे आणि व्यापारी रोज येऊन झाडाखाली उभे राहून नाकं मुरडतात. तुझे भाऊजी त्यांच्याशी बोलायला जातात आणि रागावून परत येतात. मला काही ऐकू येत नाही, म्हणून मी शांत असते. बहिरेपणाचा हा एक फायदा.

गुणवंताच्या हाती डिंकाचे लाडू पाठवले आहेत. तीळ आणि खारीक जास्त घातली आहे. रोज एक खायचा, अमिताला दाखवून खायचा. सकाळच्या उन्हात बसत जा. हाडाला ऊन लागतं हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, आपली आई बाळंतिणीला तेच सांगायची. तुला तुझ्या त्या चिडीच्या खेळाची एवढी ओढ का आहे हे मला आजवर कळलं नाही. कोंबडीची पिसं लावलेलं ते बूच, त्याच्यामागे चव्वेचाळीस वर्षांचा माणूस धावतो. पण तुझा जीव त्यात आहे हे मला माहीत आहे. शाळेत असताना तू माझ्या दोन ओढण्या बांधून त्यांची जाळी केली होतीस आणि माराच्या वेळी माझ्याच मागे लपला होतास.

आता मुद्द्याचं. भाऊबीजेला येतोस ना? डॉक्टरांना विचारून ये, गाडी हळू आणायला सांग, पण ये. माझं लग्न झाल्यापासून तू एकही भाऊबीज चुकवलेली नाहीस. तुझे नियम मी दोनदा वाचले. जमिनीवर बसायचं नाही हे कळलं. म्हणून बाबांचा पाट काढून तेल लावून ठेवला आहे. तूच तो मला दिलास, म्हणालास, ताई, ओवाळायचं तुला आहे तर पाट तुझ्याकडे असू दे. पाट म्हणजे काही जमीन नव्हे. त्यावर बसलास की तुला त्रास नाही.

अमिताला सांग, तिच्यासाठी लोणचं बाजूला काढलं आहे. येण्यातच लोभ दिसतो, तो दिसू दे.

तुझी ताई,
वच्छला


पांढुर्णा,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शिरसाष्टांग नाही, साधा नमस्कार.

तुला गुणवंताने सांगितलंच असणार, तरी माझ्याकडून ऐक. घाबरू नकोस. भाऊबीजेहून आलो, त्याच्या दोन दिवसांनी मागच्या ओट्यावर पाणी सांडलेलं होतं, तिथे पाय घसरला आणि नवा खुबा जागेवरून सरकला. नागपूरला नेलं, बेशुद्ध करून त्यांनी तो पुन्हा बसवला. आता कमरेपासून मांडीपर्यंत एक कडक पट्टा आहे. अजून सहा आठवडे तो राहणार. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. कूस बदलता येत नाही. नवा सांधा शाबूत आहे, तुटलेलं काही नाही.

तुझ्याकडे काही झालेलं नव्हतं हे तू पाहिलंच आहेस. पाटावर बसताना मला त्रास झाला नाही, उठतानाही झाला नाही. मजेत उठलो. तुझ्या हातची पुरणपोळी खाऊन, दोन खाल्ल्या, मग निघालो. रस्त्यातही काही नाही. सगळं इथे घरी आल्यावर, ओट्यावर. तेव्हा उगाच मागचं आठवत बसू नकोस.

अमिता लिहीत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तिच्या शाळेत परीक्षा आहेत. तुझं लोणचं तिला आवडलं.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ असाच बसल्या जागी येत राहो.

तुझा,
प्रफुल्ल


बोरगाव,
१० डिसेंबर २०२४

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मी येणार होते, तुझे भाऊजी म्हणाले, आधी त्याला पडू दे शांत. तू काय, पडूनच आहेस.

मी गुणवंताला समोर बसवून विचारलं. तो ओठ हलवतो ते मला कळतात. तुला मी ओट्यावर कशाला गेला होतास ते विचारणार नाही, कारण मला माहीत आहे. तो म्हणाला, वऱ्हांड्यात खिळ्याला तुझी रॅकेट टांगलेली आहे आणि साहेब तिच्याकडे सारखे पाहून राहतात. अरे, ज्याला वाकता येत नाही त्याने ओल्या ओट्यावर रॅकेट फिरवायची? सहा महिने थांब म्हणून डॉक्टरांनी सांगितलं आणि तुला तीन महिने निघाले नाहीत. लहानपणी तापातून उठून तू विहिरीच्या काठावर पळाला होतास, तोच तू.

आई गेली तेव्हा तू लहान होतास. तुला आंघोळ घालताना मी तुझी हाडं बोटांनी चाचपून बघत असे, इतका काडीसारखा होतास. त्या हाडांचं लोखंड झालं, आता ते लोखंडही जागेवरून हलतं आहे. मला हे सहन होत नाही.

म्हणून लिहिते ते नीट वाच. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, तो खेळ पुन्हा खेळायचा नाही. चिडीला हात लावायचा नाही. स्पर्धा असो, जिल्हा असो, पाठीवर काहीही लिहिलेलं असो. तू मला हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. शपथ घातली, विषय संपला.

लाडू पुन्हा पाठवते आहे. रागाने केले आहेत, तरी चांगले झाले आहेत.

तुझी,
ताई


पांढुर्णा,
२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
नमस्कार. आता चालता चालता करतो, काठीही सुटली.

पट्टा जानेवारीतच निघाला. ऑफिसला जातो. लोक विचारतात, कसं आहे, मी म्हणतो, बढिया. आणि तुझी शपथ मी पाळतो आहे. हे तुला कळावं म्हणून लिहितो, गुणवंताच्या ओठांवरून कळण्याआधी.

संध्याकाळी सहाला पाय आपोआप बॅडमिंटनच्या हॉलकडे वळतात. जाऊन बाकावर बसतो. उत्तमराव दुसऱ्या कोणाबरोबर खेळतात आणि मी गुण मोजतो. त्यांच्या जोडीदाराला जाळीजवळ उभं राहता येत नाही. मी बाकावरून हात फिरवत राहतो, माझ्या शेजारी कोणी बसेनासं झालंय. परवा घरी पेपरची सुरळी करून माशी मारली, तर अमिता म्हणाली, हा बॅकहँड होता, शपथ मोडली का? मी हसलो. ती हसली नाही.

मला करमत नाही, ताई. पुस्तक धरलं तर दोन पानं. टीव्ही लावला तर बंद. रविवारी कपाट आवरायला काढलं आणि अर्धं आवरून तसंच ठेवलं, ते अजून तसंच आहे. वजन वाढलंय. पायऱ्या टाळतो. पडलो तर काय होईल हे मनात असतं, म्हणून जिथे जायचं तिथे गाडीनेच जातो. मग घरी येऊन वऱ्हांड्यात फेऱ्या घालतो. हा कसला आराम?

तुला एकच सांगायचं आहे. खेळण्यामुळे काही झालेलं नव्हतं. मी त्या दिवशी रॅकेट फिरवत नव्हतो. मग काय झालं ते विचारू नकोस, सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण खेळाने झालं नाही, एवढ्यावर तू विश्वास ठेवलास आणि शपथेचा पुन्हा विचार केलास तर बरं होईल. नाही केलास तरी मी ती मोडणार नाही. तुझा गळा आहे.

भाऊजींनी पाणी तोडून बागेला ताण द्यायला सुरुवात केली का? ऊन यंदा लवकर चढलंय.

लोभ कमी झालेला चालेल, शपथ कमी झाली तर बघ.

तुझा,
प्रफुल्ल


पांढुर्णा,
८ जून २०२५

ती. ताईंना,
अमिताचा नमस्कार.

मी सहसा तुम्हाला लिहीत नाही, यांच्या पत्राखाली दोन ओळी घालते. नोव्हेंबरपासून त्याही घातल्या नाहीत. तुम्हाला ते जाणवलं असेल. परीक्षा नव्हत्या. मी तुमच्यावर रागावले होते, आणि तो राग तुमच्यापाशी बोलायची मला यांनी बंदी केली होती. आज ती बंदी मोडते आहे. यांना माहीत नाही.

मागच्या आठवड्यात यांना नागपूरला दाखवायला नेलं. हाडांची तपासणी केली. डॉक्टर कागद बघून यांना रागावले. हाडं ठिसूळ होत चालली आहेत. म्हणाले, नवा सांधा धातूचा आहे, पण त्याला धरून ठेवणारं हाड तुमचंच आहे, आणि हाडाला भार मिळाला नाही की ते आतून विरत जातं. चाला, पायऱ्या चढा, वजन उचला, आता तर जोडीने खेळायलाही लागा, असे जपून किती दिवस बसणार? हे म्हणाले, बहिणीची शपथ आहे. डॉक्टर हसले. मला रडू आलं.

ताई, ते ओट्यावर पडले नाहीत. ओट्यावर पाणीच नव्हतं.

भाऊबीजेच्या दिवशी तुम्ही पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी खुर्ची आणायला वळले तर यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. तुम्ही इतक्या आनंदात होतात. ते बसले तेव्हा गुडघे छातीपाशी आले. उठताना पाय वळला, टाचेने रांगोळी एका बाजूला ओढली गेली, आणि यांचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही तेव्हा तबक ठेवायला आत गेला होतात. आत खट्‌ वाजलं असं ते मला गाडीत म्हणाले. पांढुर्ण्याला घरापुढे गाडीतून पाय बाहेर टाकला आणि खुबा पूर्ण निसटला. त्यांचा तो ओरडणं गिळलेला आवाज मी विसरणार नाही.

नागपूरच्या वाटेवर, एवढ्या वेदनेत, यांनी मला काय सांगितलं असेल? म्हणाले, ताईला कळू देऊ नको, ती मला पुन्हा पाटावर बसवणार नाही. तुम्ही खेळावर शपथ घातलीत तेव्हा मी म्हटलं, आता तरी खरं सांगा, एका वाक्यात सुटाल. तर म्हणाले, त्या एका वाक्याने मी सुटीन आणि ताई अडकेल.

दोष तुमचा नाही. तुम्हाला कोणी नीट समजावलं नाही, आणि मी खुर्ची आणायला वळून पुन्हा फिरले. आता तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त मी सांगितलं हे यांना कळू देऊ नका. लोभ मागायला मला आज तोंड नाही, तरी मागते.

तुमची,
अमिता


बोरगाव,
१५ जून २०२५

चि. सौ. अमितास आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं. माझ्याकडून ते कोणाला कळणार नाही.

जास्त लिहवत नाही. पहिले दोन दिवस मी पाटाकडे पाहू शकले नाही, गोठ्यात ठेवला होता. मग आत आणला. त्याचा काय दोष.

पाकिटात सुतळीचा तुकडा आहे. प्रफुल्ल ज्या खुर्चीवर बसतो, डॉक्टरांना चालते ती, तिच्या बैठकीची उंची जमिनीपासून धर आणि तिथे गाठ मार. मग सुतळी गुणवंताच्या हाती परत पाठव. त्याला सांगू नकोस कशाला.

तू रागावलीस ते बरोबर होतं. पुढच्या वेळी इतके महिने थांबू नकोस.

ताई


बोरगाव,
१२ जुलै २०२५

चि. प्रफुल्ल यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला आता उत्तर देते आहे. तू म्हणशील, ताईला शपथ घालायला पंधरा दिवस लागले आणि विचार करायला तीन महिने. लागतात. वय झालं.

बागेचं सांगते. तुझ्या भाऊजींनी मे महिन्यात मृग बहारासाठी ताण दिला. पाणी तोडलं. जमिनीला भेगा गेल्या, पानं खाली वळली. दर वर्षी मला ते बघवत नाही. यंदा न्हाणीजवळच्या दोन झाडांना मी गुपचूप धुण्याचं पाणी घालत राहिले. म्हटलं, दोन झाडांनी काय बिघडतं. पाऊस पडला आणि सगळी बाग फुलली, पांढरी झाली, वास घरात येतो. माझी ती दोन झाडं हिरवीगार उभी आहेत. पानं भरपूर, फूल एक नाही. तुझे भाऊजी त्यांच्यापुढे उभे राहिले आणि माझ्याकडे बघून राहिले. मला ऐकू येत नाही हे बरं, पण त्यांना काही बोलावंही लागलं नाही.

त्यावरून माझ्या डोक्यात आलं. तुलाही मी पाणीच घालत बसले आहे.

तेव्हा शपथ सोडवते. लहानपणी तू माझ्याकडून जशी वदवून घ्यायचास तशीच लिहिते, म्हणजे नंतर वाद नको. सुटली, सुटली, सुटली. हळू सुरुवात कर. डॉक्टर सांगतील तेवढंच. उडी मारलीस असं कळलं तर मी स्वतः येऊन कान धरीन, उभ्यानेच धरता येतो.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. यायचं आहे. माझे गुडघे अलीकडे दुखतात, खाली वाकून ओवाळणं जमत नाही, तेव्हा काहीतरी सोय करते. तू त्याची काळजी करू नकोस.

लोभ होता तिथेच आहे, न्हाणीच्या पाण्यासारखा कमी घालणार एवढंच.

तुझी ताई,
वच्छला


पांढुर्णा,
२२ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू आणि भाऊजी हॉलमध्ये आलात, पहिल्या रांगेत बसलात. खेळ संपल्यावर तुझ्याजवळ आलो तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. पण हळू बोललो असतो तर तुला ऐकू आलं नसतं, आणि चारचौघांत ओरडून सांगावी अशी ती गोष्ट नव्हती. म्हणून लिहितो.

आधी खेळाचं. पहिला सामना आम्ही जिंकलो, तो तू पाहिलास. उत्तमराव मागे, मी जाळीजवळ. उन्हाळ्यापासून ज्या पायऱ्या टाळत होतो त्या जुलैपासून रोज चढलो, पाठीवर पिशवीत तांदूळ घेऊन बाजारातून आलो, ऑगस्टात रॅकेट हातात घेतली. टी-शर्ट अंगात घातला आणि पाठीवरचं नाव मला दिसत नाही याचंच वाईट वाटलं. ऑफिसातल्या स्नेहाने फोटो काढून दाखवला तेव्हा खरं वाटलं. मी खूप खूश होतो, ताई. एवढा खूश मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो.

दुसरा सामना बरोबरीत होता. समोरच्याने चिडी जाळीला घासून टाकली, माझ्या पुढ्यात, अगदी खाली. अशी चिडी मी आयुष्यात सोडलेली नाही. पूर्वी एक पाय पुढे फेकून, गुडघा जमिनीला लावून काढली असती. पाय निघालाही होता. तेवढ्यात तू दिसलीस. तू पदर डोळ्यांवर घेतला होतास. मी जागच्या जागी उभा राहिलो आणि ती पडू दिली. सामना तिथेच फिरला, आम्ही हरलो. उत्तमरावांनी माझ्या पाठीवर, त्या नावावर, हात ठेवला. तू पदर काढलास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, म्हणून मी ती सोडली हे तुला माहीत नसणार.

आता दुसरं. भाऊबीजेला बाबांच्या पाटाला चार उंच पाय लावलेले होते. नत्थूजी सुतारांनी लावले म्हणालीस, तुझे गुडघे दुखतात म्हणून. मी बसलो. पाय सरळ राहिले. तू उभी राहून ओवाळलंस. उठलो तेव्हा रांगोळी जशीच्या तशी होती, आणि मी उठल्यावर तू तबकाकडे नाही, आधी त्या रांगोळीकडे पाहिलंस. ते मी पाहिलं.

मग जेवायला बसलो. मला खुर्ची दिलीस, आणि तू शेजारच्या पोरांच्या पंगतीत जमिनीवर मांडी घालून बसलीस. त्यांना वाढायला चार वेळा उठलीस, चार वेळा बसलीस, हात न टेकता. तुझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही, ताई.

कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. तिला मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तूही मला विचारलं नाहीस. असंच राहू दे.

एक मात्र मागतो. पुढच्या भाऊबीजेला पाटाचे पाय काढू नकोस. तुझे गुडघे बरे झाले तरी.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो उंच पाटावर ठेवावा ही विनंती.

तुझा,
प्रफुल्ल